फिल्मी फर्न ओळखायचा कसा: ओढ्यावरच्या ओल्या पापुद्र्यापासून पाकिटावरच्या नावापर्यंत

शाळेत कांद्याचा पापुद्रा सोलून मायक्रोस्कोपखाली ठेवला होता ते आठवतंय? विटा रचल्यासारख्या पेशी, एकच थर, आरपार उजेड. आता तसाच पापुद्रा, पण हिरवा, नक्षीदार कापलेला आणि झऱ्याकाठच्या काळ्या खडकावर चिकटलेला असा डोळ्यासमोर आणा, झाला तुमचा फिल्मी फर्न. सिनेमाशी काही संबंध नाही, फिल्म म्हणजे पातळ पडदा. या कुळाचं नाव हायमेनोफायलेसी, आणि त्याचाही ग्रीकमधला अर्थ पडद्यासारखं पान असाच आहे.

हा लेख लिहायचं कारण म्हणजे आमच्या झाडं ओळखण्याच्या ग्रुपवर रोज कोणीतरी हिरव्या झालरीचा एक फोटो टाकतं आणि विचारतं 'आयडी प्लीज', मग खाली चार जण पानाचा आकार बघून चार नावं देतात आणि चारही बहुधा चुकीची असतात. या कुळात पानाचा आकार हा सगळ्यात फसवा भाग आहे, कारण एकाच जातीचं पान सावलीत आणि पाण्याच्या तुषारांत दहा सेंटिमीटर होतं आणि तीच जात दोन मीटर वरच्या कोरड्या कपारीत जेमतेम दोन सेंटिमीटरवर थांबते. बघायचं असतं ते दुसरंच. तेच पुढे क्रमाने सांगतो आणि उदाहरणाला एकच जात धरतो, क्रेपिडोमॅनिस बायपंक्टेटम, कारण ती पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात मिळते, आणि तिने मला व्यवस्थित तोंडावर पाडलेलं आहे.

आधी जागा आणि वेळ

या झाडांच्या पानांना स्टोमॅटा, म्हणजे हवा-वाफ आत-बाहेर सोडणारी बारीक छिद्रं, नसतात, आणि बाकी झाडांच्या पानावर पाणी अडवणारा जो मेणकट थर असतो तोही नसल्यातच जमा. म्हणजे हवा कोरडी झाली की पान सुकणार, हवा दमट झाली की पानच थेट पाणी पिणार. त्यामुळे शोधायचं कुठे हे आपोआप ठरतं: धबधब्याच्या बाजूची कपार, ओढ्यातल्या मोठ्या दगडाची ऊन न लागणारी बाजू, सदाहरित जंगलात झाडाच्या बुंध्याचा खालचा हात-दोन हात भाग जिथे शेवाळ जाड असतं. मी कर्नाटकातल्या आगुंब्याजवळ शोधतो, कोल्हापूरहून रात्री निघालं की सकाळी पोचता येतं. पाऊस भरात असताना जाऊ नका, ओढ्यात उतरता येत नाही आणि लेन्सवर पाणी. सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर उत्तम, तेव्हा पानांवर बीजाणूंचे (स्पोर, ज्यांच्यापासून नवीन फर्न होतो) कप मिळायची शक्यताही चांगली असते. जळवांसाठी तंबाखूचं पाणी मोज्यांना लावा. आमच्या तिथल्या वाटाड्या अण्णांचा सल्ला मात्र मीठ बाळगायचा आहे, दोन्ही ठेवा.

परवानगीचं आत्ताच सांगतो. सोमेश्वर अभयारण्य, कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यान अशा ठिकाणी वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय पानसुद्धा तोडायचं नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा झाडांनाही लागतो. आणि खरं सांगायचं तर ऐंशी टक्के काम फोटोवर होतं, फक्त फोटो नीट काढता आला पाहिजे.

पहिला प्रश्न: हा फर्न तरी आहे का?

हसू नका. शेवाळाच्या गादीत लिव्हरवर्ट नावाच्या वनस्पती असतात, त्याही पातळ, हिरव्या, आरपार. मेत्झगेरिया नावाच्या एका लिव्हरवर्टला तर फाटे फुटलेली फीत आणि मधोमध शिरेसारखी रेघ असते, पहिल्यांदा बघणारा हमखास फसतो. तीन गोष्टी बघा. एक, कोवळं पान गोगलगायीसारखं गुंडाळलेलं आहे का, नेच्याची, म्हणजे फर्नची, ती सहीच आहे. दोन, पानात फांद्या फुटत गेलेल्या खऱ्या शिरा आहेत का. तीन, दगडावर काळपट दोऱ्यासारखं आडवं खोड पळत गेलंय का, त्याला आपण रायझोम म्हणू. तिन्ही असतील तर पुढे चला.

नेचा आहे पण फिल्मी आहे का, हे ठरवायला मोबाईलचा टॉर्च पानाच्या मागे धरा. साध्या नेच्याचं पान हिरवं दिसतं, फिल्मी फर्नचं पान पेटल्यासारखं दिसतं, काचेच्या हिरव्या बांगडीतून उजेड यावा तसं, आणि १० एक्सची साधी लेन्स लावली तर पेशींची जाळी चक्क मोजता येते. ओढ्याकाठी हायमेनॅस्प्लेनियमसारखे दुसरेही पातळ पानाचे नेचे असतात पण त्यांच्यात ही जाळी अशी उघडी दिसत नाही, आणि त्यांचे बीजाणू पानाच्या मागे शिरेला धरून लांबट पट्ट्यांत असतात. फिल्मी फर्नचे बीजाणू पानाच्या कडेला, शिरेच्या टोकावर, छोट्या कपात असतात. हा कप लक्षात ठेवा, अर्धी लढाई तिथेच आहे.

फोटो कसे काढायचे

कमीत कमी सहा: पूर्ण जागा, झाडाचा पूर्ण पुंजका, एक पान पुढून, तेच पान मागून टॉर्च लावून, रायझोम जिथून देठ निघतो तो भाग, आणि कपाचा जवळून. शेवटच्या तिघांसाठी क्लिपवाली मॅक्रो लेन्स लागतेच. प्रत्येक फोटोत मिलिमीटरची पट्टी ठेवा, रुपयाचं नाणं नको, कारण जुनं नाणं २५ मिमीचं होतं आणि २०११ नंतरचं साधारण २२ चं, पुढे कोणालाच कळत नाही कुठलं वापरलं. वहीत लिहा: खडक की झाड, उभा की आडवा पृष्ठभाग, पाण्यापासून किती वर, देठाला पंख (दोन्ही बाजूंना पापुद्र्याची पट्टी) आहे की नाही, खोडाला मुळं आहेत की नुसते केस.

मुळांचा मुद्दा नीट बघा, कारण क्रेपिडोमॅनिस आणि डिडिमोग्लॉसम या दोन प्रजातींना (प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट) मुळंच नसतात. दोऱ्यासारख्या खोडावर काळे-तपकिरी केस असतात आणि त्यांनीच ते दगडाला धरून असतं. याउलट जमिनीतून ताठ उभा, जाड मुळं असलेला फिल्मी फर्न दिसला तर सेफॅलोमॅनिस किंवा अ‍ॅब्रोडिक्टियम यांचा विचार करायचा. म्हणजे पानाकडे न बघताच अर्धी यादी कटाप.

परवानगी असेल तर नमुना घेणं

एका पुंजक्यातून कप आलेली एक-दोन पानं आणि बोटभर रायझोम, बस. झिपच्या पिशवीत ओला टिश्यू घालून त्यात ठेवा आणि पिशवी फुगवून बंद करा. मी पहिल्या वर्षी पानं डायरीत दाबून खिशात ठेवली होती, गाडीपर्यंत येईस्तोवर त्यांची चहाची पत्ती झाली होती. तसं घाबरायचं कारण नाही, हे फर्न सुकून गुंडाळतात आणि पाणी मिळालं की परत उलगडतात, वाळलेला जुना नमुनासुद्धा कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं ठेवला की बघण्याइतका सरळ होतो.

दाबायची पद्धत समुद्री शेवाळासारखी. उथळ थाळीत पाणी, त्यात पान तरंगत सोडायचं, खालून जाड कागद घालून अलगद उचलायचं, म्हणजे पान स्वतःच पसरलेलं कागदावर येतं. मग वर सुती कापड, वर्तमानपत्र, वजन. डिंक पानावर लावायचा नाही, नाहीतर नंतर पेशी बघता येत नाहीत.

आता मुख्य काम: ओठ, तळ आणि खोटी शीर

कपाकडे वळा. या कुळाचे ढोबळ दोन गट पडतात. हायमेनोफायलमचा कप म्हणजे दोन शिंपले समोरासमोर ठेवलेले, चीर जवळजवळ तळापर्यंत जाते. दुसरा गट ट्रायकोमॅनिसवाल्यांचा, त्यांचा कप नळीसारखा किंवा तुतारीसारखा, आणि त्यातून बहुतेक वेळा एक बारीक केस बाहेर डोकावतो. तो केस म्हणजे बीजाणुधान्या, म्हणजे बीजाणूंच्या बारीक पिशव्या, लागतात ती दांडी. ती बुडाशी वाढत राहते, त्यामुळे जुन्या बीजाणुधान्या वर आणि नव्या खाली असतात.

इथे माझी फजिती झाली. पहिला आगुंब्याचा नमुना मी लेन्सखाली धरला, कपाला दोन टोकदार त्रिकोणी ओठ स्वच्छ दिसत होते, मी लगेच लेबल लिहिलं हायमेनोफायलम आणि खूश होऊन आमच्या ओळखीच्या एका निवृत्त बॉटनीच्या सरांना दाखवायला गेलो. सरांनी नमुन्याचं पाकीट उघडलंसुद्धा नाही, नुसतं लेबल वाचलं. म्हणाले, "ओठ बघितलेस, छान. तळ बघितलास का?" मी गप्प. घरी येऊन परत बघितलं तर ओठ दोन होते खरे, पण चीर वरच्या अर्ध्यातच संपत होती, खाली अखंड शंकूसारखी नळी, तिच्या दोन्ही बाजूंना पानाचा पापुद्रा पंखासारखा चिकटलेला आणि मधून केस बाहेर आलेला. म्हणजे ट्रायकोमॅनिसवाला गट. तेव्हापासून कप बघताना मी आधी तळ बघतो, मग ओठ.

गट ठरला, मुळं नाहीत, खोड दोऱ्यासारखं, पान दोन-तीनदा विभागलेलं: प्रजाती क्रेपिडोमॅनिस. आता जात. इथे लेन्स पुरत नाही, ४० ते १०० पट दाखवणारा मायक्रोस्कोप हवा. कॉलेजमध्ये ओळख नसेल तर फोल्डस्कोप घ्या, मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या लॅबने काढलेला तो कागदी मायक्रोस्कोप, साधारण १४० पट दाखवतो आणि या कामाला अगदी बेस्ट, कारण नमुना मुळातच एका पेशीच्या जाडीचा आहे, काप घ्यायची भानगडच नाही. पानाचा नखाएवढा तुकडा, पाण्याचा थेंब, कव्हरस्लिप, उजेडाकडे धरा.

दिसतील खऱ्या शिरा: जाड, गडद, देठापासून सुरू होऊन फाट्याफाट्याने पानाच्या प्रत्येक बोटात गेलेल्या. आणि त्यांच्यामध्ये, नीट बघितलं तर, काही लांबट जाड भिंतीच्या पेशींच्या रेघा, ज्या कुठल्याच शिरेला जोडलेल्या नाहीत. सुरू कुठून झाल्या आणि गेल्या कुठे पत्ता नाही, पेशींच्या जाळीवर कोणीतरी बॉलपेनने रेघ ओढून सोडून दिल्यासारख्या. याच खोट्या शिरा. पाणी वाहून नेत नाहीत, दिसायला मात्र शिरेसारख्या. पहिल्यांदा दिसत नाहीत, फोकसचं चाक हळूहळू पुढे-मागे करा आणि उजेड थोडा कमी करा, मग एकदम उठून येतात.

बायपंक्टेटममध्ये पानाच्या कडेच्या आत, एक ते तीन पेशींच्या ओळी सोडून, कडेला समांतर एक खोटी शीर पळते, कधी अखंड, कधी मध्ये तुटक. शिवाय ती आणि खरी शीर यांच्या मधल्या जागेत छोट्या तिरक्या खोट्या शिरा विखुरलेल्या असतात. हे दोन्ही सापडलं, कपाला त्रिकोणी ओठ आहेत, देठाला जवळजवळ बुडापर्यंत पंख आहे, तर नाव लिहायला हरकत नाही.

तिचे भाऊबंद असे वेगळे करा. तिरक्या रेघा आहेत पण कडेची समांतर शीर अजिबात नाही, तर लॅटिअलाटम. कडेची शीर आहे पण मधल्या जागेत बाकी रेघा नाहीत, तर इंट्रामार्जिनाले, नावातच कडेच्या आतली असं लिहिलेलं आहे. कुठलीच खोटी शीर नाही, पान सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचं पंख्यासारखं, देठातूनच दुसरं पान फुटलेलं आणि कपाचं तोंड ओठांशिवाय तुतारीसारखं पसरलेलं, तर मिनुटम. या मिनुटमबद्दल एक इशारा, तो एक जात नसून गुंतागुंतीचा गोतावळा आहे, संकर आणि गुणसूत्रांच्या पटींनी झालेला, त्यामुळे नुसत्या दिसण्यावर त्याच्या आतल्या शाखा सोडवायला जाऊ नका, ते डीएनएवाल्यांचं काम. पान अविभाजित, साधी छोटी जीभ असावी तसं, आणि त्यात खोट्या शिरा, तर क्रेपिडोमॅनिस नाहीच, डिडिमोग्लॉसम.

कप खरोखरच शिंपल्यांचा निघाला तर हायमेनोफायलमकडे जा. तिथे मायक्रोस्कोपपेक्षा लेन्स जास्त कामाची. पानाच्या कडेला करवतीचे दाते असतील तर डेंटिक्युलाटम, देठाचा पंख परकराच्या झालरीसारखा मुरडलेला आणि कडेला दाते नाहीत तर जावानिकम, शिरांवर केस तर एक्सर्टम, आणि कड साधी, सपाट, केस नाहीत तर पॉलिअँथॉस. दक्षिण घाटात याहून जास्त जाती आहेत, पण या चारांवर हात बसला की बाकीच्या वेगळ्या जाणवायला लागतात.

नावांचा गोंधळ

जात ठरली आणि तुम्ही जुनं पुस्तक किंवा हर्बेरियमची (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची) शीट उघडलीत की तिथे भलतंच नाव. घाबरू नका, झाड तेच आहे, घर बदललंय. लिनियसने १७५३ मध्ये ट्रायकोमॅनिस केली, स्मिथने १७९३ मध्ये हायमेनोफायलम, आणि कितीतरी वर्षं सगळं या दोन पोत्यांत भरलं जायचं. मग १९३८ मध्ये कोपलंडने पोती फोडून तीसहून जास्त प्रजाती केल्या. पुढे डीएनए आल्यावर २००६ मध्ये एबिहारा आणि सहकाऱ्यांनी ते आवरून ९ वर आणलं, आणि २०१६ च्या पीपीजी (जगभरच्या फर्नतज्ज्ञांच्या गटाच्या) वर्गीकरणानेही ९ च ठेवल्या, जाती साधारण ४३०. मला स्वतःला ही ९ ची मांडणी पटते, कारण ती जंगलात बघता येणाऱ्या गोष्टींशी बऱ्यापैकी जुळते: मुळं, खोड, कप.

आपल्या उदाहरणाचा प्रवास बघा. प्वारेने १८०८ मध्ये नाव दिलं ट्रायकोमॅनिस बायपंक्टेटम. कोपलंडने १९३८ मध्ये ते क्रेपिडोमॅनिसमध्ये नेलं. म्हणून पूर्ण नाव लिहिताना प्वारे कंसात आणि कोपलंड बाहेर. कंसातला माणूस बारसं करणारा, बाहेरचा घर बदलून देणारा. तसंच गोनोकॉर्मस दिसलं तर आता क्रेपिडोमॅनिस समजा, मायक्रोगोनियम दिसलं तर डिडिमोग्लॉसम, मेकोडियम आणि मेरिंजियम दोन्ही हायमेनोफायलममध्ये. हे चार पाठ असले की एकोणिसाव्या शतकातल्या फर्न-अभ्यासक बेडमच्या काळापासूनच्या दक्षिण भारताच्या बहुतेक नोंदी वाचता येतात.

ताडून बघायला हर्बेरियममध्ये जाच. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं आणि आघारकर संशोधन संस्थेचं, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम. आधी पत्र किंवा मेल करून जा आणि आपला फोटो, मायक्रोस्कोपचे फोटो, मोजमापं घेऊन जा, नुसतं 'फर्न बघायचेत' म्हणून गेलात तर तुमचाही वेळ जातो आणि त्यांचाही. जुन्या शीटवरचं लेबलही चुकलेलं असू शकतं हे विसरू नका, त्या माणसानेही कदाचित तळ बघितला नसेल.

कुठे थांबायचं

कप नसेल तर प्रजातीवर थांबा. कप आहे पण खोट्या शिरा नीट दिसल्या नाहीत तर नावामध्ये 'सीएफ' घाला, म्हणजे 'याच्यासारखा वाटतो, पक्कं नाही'. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकताना लोकेशन धूसर करा, टेरॅरियमवाले (काचेच्या पेटीत झाडं वाढवणारे) लोक पुंजकेच्या पुंजके खरवडून नेतात आणि घरी एसीच्या हवेत आठवड्यात त्यांचा पाचोळा होतो.

पाकिटावर मी एवढं लिहितो: नाव, कोणी ओळखलं, कधी ओळखलं, जागा, उंची, खडक की झाड, पाण्यापासून अंतर, आणि एक ओळ कशावरून ओळखलं त्याची. ही शेवटची ओळ कोणी लिहीत नाही आणि नंतर तीच सगळ्यात जास्त लागते. बायपंक्टेटमच्या पाकिटावर माझी ओळ आहे: 'कपाचा तळ अखंड, ओठ त्रिकोणी, कडेची खोटी शीर २ ओळी आत, तिरक्या रेघा आहेत.' त्याच्या वर जुनं हायमेनोफायलम एका रेघेने खोडलेलं तसंच ठेवलंय, खोडरबर वापरायचा नाही. आणि त्याच डब्यात त्याच ओढ्यावरचं दुसरं पाकीट आहे, पान तसंच, कडेची शीर कुठेच दिसत नाही, पण कप एकही नाही. त्यावर पेन्सिलने क्रेपिडोमॅनिस एवढंच आहे. ऑक्टोबरात त्याच दगडापाशी परत जायचंय, अण्णांना फोन करून ठेवलाय.